आधी पाणी, मग मुक्काम

सहलीचा बेत ठरू लागला की आपल्या घरांतून प्रश्नांचा क्रम ठरलेला असतो. बरोबर खायला काय घ्यायचे, हा पहिला. रात्री झोपायचे कुठे, हा दुसरा. आणि परत यायला उशीर तर होणार नाही ना, हा आईच्या किंवा आजीच्या तोंडचा तिसरा. पाण्याचे कुणी काही विचारीत नाही. फार तर जिना उतरताना वरून हाक येते, "अहो, बाटली राहिली!" माथेरान-महाबळेश्वरला जाणाऱ्यांना तेवढे पुरते. पण सह्याद्रीच्या माथ्यावरून तीन-चार दिवस पाठीवर बिऱ्हाड घेऊन चालायचे असेल, तर हा क्रम पार उलटा करावा लागतो. पाणी कुठे आहे हे आधी, त्यावरून मुक्काम कुठे हे नंतर, आणि खायचे काय हे सगळ्यांत शेवटी. कारण पाणी नसेल तर नुसते तांदूळ चावून खाण्याची विद्या अजून कुणाला साधलेली नाही.

आमची मंडळी ८ जणांची. त्यात माझ्यासारखे दोन मास्तर, दोघे बँकेतले, एक औषधांचे दुकानदार आणि बाकीचे कचेऱ्यांतून खर्डेघाशी करणारे. तापीच्या दक्षिणेपासून थेट कन्याकुमारीच्या बाजूला गेलेली सह्याद्रीची रांग सुमारे १६०० किलोमीटर लांब आहे. ती सलग चालायची तर नोकरी सोडावी लागेल, आणि मग घरचे आपल्याला सोडतील. म्हणून आम्ही ती तुकड्यातुकड्यांनी चालतो. दिवाळीनंतर किंवा नाताळात चार दिवस काढायचे, गेल्या खेपेला जिथे थांबलो तिथून किंवा जवळून सुरुवात करायची आणि पुढचा तुकडा पुरा करायचा. अशा तुकड्यांपैकी राजगड, तोरणा आणि तिथून घाट उतरून रायगड हा तुकडा आमचा सर्वांत आवडता. पाण्याचे आणि मुक्कामाचे गणित समजून घ्यायलाही त्याच्यासारखा गुरू नाही.

पुष्कळांना वाटते, ज्या डोंगरावर पावसाळ्यात छत्री उघडता येत नाही, तिथे पाण्याला काय तोटा? तोटा आहे, आणि तो पावसाचा नसून दगडाचा आहे. सह्याद्री हा लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेला काळ्या बसाल्टचा डोंगर. त्याच्या अंगात पाणी मुरायला जागा थोडी आणि उतार मात्र उभा. चार महिने कोसळलेला पाऊस ओढ्यांतून धावत सुटतो तो थेट कोकणात किंवा धरणांत जाऊन थांबतो. जे थोडे मुरते ते दोन थरांच्या मधल्या मऊ, भेगाळ पट्ट्यातून हळूहळू झिरपत बाहेर येते. तोच आपला झरा. त्याची पुंजी गेल्या पावसाळ्याची असते, आणि रोज खर्च होत असते. म्हणून कार्तिकात खळखळणारा झरा माघात ठिबकू लागतो आणि चैत्रात नुसता ओला डाग उरतो.

हे जुन्या लोकांना पक्के ठाऊक होते. वर्गात 'आज्ञापत्र' शिकवताना मी दुर्गांच्या प्रकरणाशी आलो की नेहमी थोडा रेंगाळतो. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेला हा राजनीतीचा ग्रंथ किल्ला कसा बांधावा हे सांगताना तटबुरुजांच्याही आधी पाण्याकडे वळतो. आधी पाणी पाहावे. पाणी नसेल आणि जागा तर बांधणे भाग असेल, तर खडक फोडून तळी-टाकी करावीत. एखादा झरा आहे म्हणून निर्धास्त राहू नये, कारण लढाईच्या दिवसांत तोफांच्या हादऱ्यांनी झरे आटतात. म्हणून दोन-चार टाकी राखीव ठेवावीत आणि त्यांतले पाणी एरवी खर्च होऊ देऊ नये. अमात्यांचा हा मतलब मुलांना मी मोठ्या उत्साहाने समजावून सांगतो. एकदा तसाच घरी सांगायला गेलो, तर आमची सौ. भाजी निवडता निवडता म्हणाली, "यात नवीन ते काय? मोरीतल्या मागच्या पिंपाला मी कधी कुणाला हात लावू देते का?"

खरोखरच नाही देत. आमच्या भागात नळाला सकाळी तासभर पाणी येते. त्या तासात प्यायचे वेगळे, वापरायचे वेगळे, आणि नळ आलाच नाही तर म्हणून एक पिंप वेगळे, अशी तिची व्यवस्था असते. तेव्हापासून आमच्या मंडळीत पाण्याचे खाते सौ.कडे आहे. ती बरोबर येवो न येवो, निघण्याच्या आदल्या रात्री कागद तिच्यासमोर ठेवावा लागतो, आणि ती मान डोलावल्याशिवाय कुणी पिशव्या बांधीत नाही.

त्या कागदावरचा हिशेब अगदी साधा असतो. थंडीच्या दिवसांत दिवसभर चालणाऱ्या माणसाला प्यायला ३ ते ४ लिटर पाणी लागते. उन्हाळ्यात ५ लिटरही पुरत नाहीत. रात्रीचा भात-आमटी, सकाळचा चहा-उपमा आणि थोडी धुणीभांडी यांना माणशी २ लिटर. रात्री उशाशी माणशी १ लिटर. आणि माणशी १ लिटर राखीव, म्हणजे मागचे पिंप; ते मुक्कामाला पोचेपर्यंत उघडायचे नाही. आता एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, हे शाळेत सगळेच शिकतात. पण त्याचा अर्थ खांद्याला कळतो तो उभ्या चढणीवरच. ८ माणसांनी दिवसाचे ४-४ लिटर घेतले की ३२ किलोचा बोजा झाला. त्यात रात्रीच्या स्वयंपाकाचेही पाणी उचलायचे म्हटले तर मंडळी गड चढण्याऐवजी पाणक्याचे काम करू लागतील. म्हणून मुक्काम पाण्यापाशी हवा. आणि तसा तो मिळतच नसेल तर एक जुनी युक्ती आहे. दुपारी चारच्या सुमाराला जिथे शेवटचे पाणी असेल तिथेच चूल मांडावी, पोटभर जेवून घ्यावे, भांडी घासून मोकळे व्हावे आणि मग तास-दीड तास चालून कोरड्या जागी नुसते झोपायला जावे. अशा कोरड्या मुक्कामाला माणशी २ लिटर बरोबर असले की पुरतात.

पाणी कुठे आहे हे कसे कळायचे? नकाशा पाहावा, पण नकाशावर विसंबू नये. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशांत दर २० मीटर उंचीला एक समोच्चरेषा असते, विहिरी दाखवलेल्या असतात आणि कोरडे पडणारे ओढे काळ्या रेषेने, तर बारमाही प्रवाह निळ्याने दाखवतात. सह्याद्रीच्या माथ्यावरचा नकाशा उघडला की काळ्या रेषांचे जाळे किती दाट आणि निळे किती विरळ, ते पाहूनच घसा कोरडा पडतो. पण कोणता ओढा कोणत्या महिन्यात आटतो, ते नकाशा सांगत नाही. ते सांगतात वाड्यांवरची माणसे, आणि त्यांचे पंचांग मोठे मजेचे असते. "पाणी आहे का?" असे विचारले तर उत्तर नेहमी "हाय की" असेच येते, कारण पाहुण्याला नाही म्हणायचे जिवावर येते. विचारावे असे, "हे पाणी कुठवर टिकतं?" मग उत्तर येते, "ह्ये व्हय? ह्ये संक्रांतीपतूर. त्यो तिकडला झरा शिमग्याला जातो. अन् देवीम्होरलं टाकं कधीच आटत न्हाई." झाले! एका वाक्यात तीन ठिकाणांचा वर्षभराचा जमाखर्च हाती आला. आम्ही नकाशावर तशाच खुणा करतो: एक संक्रांतीचे पाणी, एक शिमग्याचे, एक बारमाही. पौषात निघायचे असेल तर पहिली खूण पुसून टाकायची आणि उरलेल्या खुणांवरून मुक्काम ठरवायचे.

आता प्रत्यक्ष वाटेला लागू. पहिला मुक्काम राजगडावर की पायथ्याच्या गुंजवण्यात, हे आधी चौकशी करून ठरवावे. गडांवर रात्री राहण्याचे नियम अलीकडे पुष्कळ ठिकाणी कडक झाले आहेत. राजगड आणि रायगड हे दोन्ही २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी आहेत. तेव्हा आपल्या चुलीचा धूर तिथल्या भिंतींना लागू नये, अशी कुणी अपेक्षा केली तर ती वावगी नाही. मला स्वतःला गुंजवण्यातला मुक्काम पसंत आहे. गावात जेवण सांगता येते, पाण्याचा भार पडत नाही, आणि पहाटे गारव्यात चोरदरवाजाची चढण चढून पद्मावती माचीवर पोचले की न्याहारीची वेळ झालेली असते. माचीवर पद्मावतीचे देऊळ आहे, तळे आहे आणि देवळाजवळ प्यायच्या पाण्याची टाकी आहेत. त्या दिवसाचे पाणी इथेच, काठोकाठ भरून घ्यायचे.

याचे कारण पुढची वाट. संजीवनी माचीवरून जाताना खडकात खोदलेल्या टाक्यांची रांगच्या रांग लागते आणि नवखा माणूस खूश होतो. पण टाके दिसले म्हणजे प्यायचे पाणी मिळाले असे नव्हे. उघड्या टाक्यात ऊन पडते, शेवाळ धरते, पाचोळा कुजतो. टाके पोटात खोदून वर खडकाचे छत तसेच ठेवलेले, आत खांब सोडलेले, असे जे खांबटाके असते त्यात ऊन शिरत नाही. म्हणून पाणी गार राहते, स्वच्छ राहते आणि वाफ होऊन उडूनही कमी जाते. ही अक्कल शिवकालाच्याही फार पूर्वीची. कान्हेरीच्या लेण्यांतले प्राकृत शिलालेख अशा टाक्याला 'पोढी' म्हणतात, आणि कुणी दानशूराने भिक्षूंसाठी पोढी खोदून दिल्याची नोंद त्यांत मिळते. दोन हजार वर्षांमागच्या त्या दात्याला डोंगरात काय द्यावे हे नेमके कळले होते. आपण मात्र पुण्य जोडायला गडावर जाऊन चिवड्याच्या पिशव्या ठेवून येतो.

संजीवनी माचीच्या अळू दरवाजातून खाली उतरले की राजगड आणि तोरणा यांना जोडणारी सोंड लागते. ही वाट सात-आठ तासांची. मधे एक खिंड, तिथून जाणारी मोटाररस्त्याची वाट, पुन्हा चढण, आणि शेवटी बुधला माचीवर नेणारी छातीवरची चढण. सावली थोडी, आणि दिवाळी उलटून महिना झाला की भरवशाचे पाणी जवळजवळ नाहीच. वाटेत एखाद्या झापावर ताक मिळते. मिळाले तर भाग्य समजावे, पण हिशेबात धरू नये. माणशी ४ लिटर आणि शिवाय राखीव १, असे इथे आमचे प्रमाण आहे. ते पाणी तहान लागेपर्यंत जपून ठेवण्यातही अर्थ नाही. दर अर्ध्या तासाला चार घोट, असे घड्याळ लावून प्यावे. घाम फार जात असेल तर एक लिटर पाण्यात सपाट ६ चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, वर लिंबू. आमचे औषधदुकानदार मित्र स्वतःच्या दुकानातल्या पुड्या विकायचे सोडून हेच सांगतात, म्हणून माझा त्यावर अधिक विश्वास. कुणी चालता चालता असंबद्ध बोलू लागला, पाय भलतीकडे टाकू लागला, तर ती थट्टेची गोष्ट नव्हे. त्याला तिथेच सावलीत बसवून अंगावर पाणी मारायचे. राखीव लिटर उघडायची वेळ ती हीच.

तोरणा म्हणजे प्रचंडगड, ४६०३ फूट उंच. नावाला जागणारा. दुसरा मुक्काम मेंगाईच्या देवळाच्या आसपास. जवळ टाकी आहेत. तोरणटाके, खोकडटाके अशी त्यांची नावे ऐकली की अंगावरचा शीण निम्मा उतरतो. इथले पाणी आधी दुपदरी फडक्यातून गाळायचे आणि मग उकळायचे. फडक्याचे महत्त्व आजच्या मुलांना सांगावे लागते. एके काळी महाराष्ट्रातल्या कित्येक गावांना नारूने पिडले होते. साठलेल्या पाण्यातल्या बारीक जीवांतून तो पोटात जाई, आणि पाणी गाळून पिणे हाच त्यावरचा तोडगा होता. भारत नारूमुक्त झाल्याचे २००० साली जाहीर झाले. नारू गेला, पण बाकीचे रोग आहेतच. म्हणून गाळलेल्या पाण्याला खळखळून उकळी हवी.

मुक्कामाची जागा पाण्याजवळ हवी म्हणजे पाण्याला चिकटून नव्हे. ७०-८० पावले दूर अंथरूण टाकावे. रात्री त्या पाण्यावर इतरांचाही हक्क असतो: भेकर येते, रानडुक्कर येते, क्वचित त्यांच्या मागावर बिबट्याही. आपण काठावर तंबू ठोकून बसलो तर ती बिचारी तहानलेली परत जातात. भांडी टाक्यात बुचकळायची नाहीत; पाणी काढून घेऊन लांब नेऊन घासायची, तीही राखेने किंवा मातीने. साबणाची वडी डोंगरावर न्यायचीच कशाला? ओढ्याच्या कोरड्या पात्रात, कितीही मऊ वाळू दिसली तरी, झोपू नये. अगदी धारेवर, जिथे वारा झोपू देणार नाही, तिथेही नको. आणि कड्याला आग्या मोहोळे लटकलेली दिसली तर त्या बाजूला चूल तर नाहीच, विडीही नको. मोहोळ उठले तर पळायला गडावर जागा नसते.

तिसऱ्या दिवशी तोरणा उतरून घाटमाथ्यावरच्या मोहरीकडे जायचे. या टप्प्याला वाटाड्या घ्यावा. गुरांच्या वाटांनी भलतीकडे नेल्याने जाणाऱ्या दोन तासांपेक्षा त्याची मजुरी स्वस्त पडते. मधे वाड्या लागतात, आणि इथेच आमच्या मंडळीचा एक नियम सांगायला हवा. शिमगा उलटल्यावर आम्ही वाड्यांच्या पाण्यावर अवलंबून असलेला कोणताही तुकडा चालत नाही.

त्याचे असे झाले. काही वर्षांपूर्वी चैत्रात आम्ही माथ्यावरच्या दुसऱ्या एका भागात होतो. उन्हाच्या वेळी एका वाडीत शिरलो. ओसरीवर एक म्हातारी बसली होती. आम्हाला पाहताच ती उठली, आतून हंडा आणि तांब्या घेऊन आली आणि म्हणाली, "बसा पाव्हणं. प्या पोटभर." आम्ही प्यालो. आमच्यातल्या एकाने दुसरा तांब्या भरून घेतला आणि अंगणात जाऊन तोंडावर मारला. म्हातारी रागावली नाही. हलक्या आवाजात म्हणाली, "लेकरा, त्वांड धुयाचं पानी न्हवं त्ये. प्यायाचं हाय."

मी विचारले, "आजी, पाणी कुठनं आणता?"

"खालनं. सून चांदणीला जाती. उन्हं आली की एक हंडा घिऊन येती. मंग दुसऱ्याला जाती."

आम्ही ६ जण होतो. हंडा निम्म्याच्या खाली गेला होता, म्हणजे सुनेची अर्धी सकाळ आम्ही पाच मिनिटांत पिऊन टाकली होती. पैसे देऊ केले तर म्हातारीने हात मागे घेतला. "पान्याचं कुनी पैकं घेतं व्हय, मास्तर?" पावसाळ्यात जिथे घराबाहेर पडवत नाही, अशा माथ्यावरच्या कितीतरी वाड्यांची चैत्र-वैशाखातली हीच कथा आहे. शहरातल्या माणसाला वाटते, डोंगरातले पाणी देवाचे, फुकटचे. देवाचे असेल, पण ते उंबऱ्यापर्यंत कुणाच्या तरी डोक्यावरून आलेले असते. आणि मागितले तर ती माणसे नाही म्हणणार नाहीत, म्हणूनच ते मागू नये. त्या वाडीत आम्ही पुढच्या मार्गशीर्षात मुद्दाम गेलो, दोन दिवस राहिलो, जेवण सांगितले आणि त्याचे पैसे रीतसर दिले. ते मात्र आजीने मोजून घेतले.

मोहरीचा मुक्काम कुणाच्या तरी ओसरीवर होतो. संध्याकाळी रायलिंगाच्या पठारावर जाऊन यावे. दरीच्या पलीकडे लिंगाण्याचा सुळका आणि त्याच्या मागे रायगड, असे दृश्य समोर उभे राहते आणि मंडळी बराच वेळ गप्प राहतात. पण काळोख पडायच्या आत परतावे, कारण दुसऱ्या दिवशीचे काम मोठे आहे.

ते काम म्हणजे बोराट्याची नाळ. लिंगाण्याच्या कुशीतून कोकणात उतरणारी ही दगडधोंड्यांची अरुंद घळ. पाऊस थांबल्यावर काही आठवड्यांतच ती कोरडी पडते, तेव्हा उतरणीत पाण्याची आशा धरू नये. मोहरीतून माणशी ३ लिटर भरून घ्यावे आणि राखीव लिटर वेगळे. नाळेचे तोंड पश्चिमेला असल्यामुळे सकाळी तिच्यात सावली असते. दुपारनंतर मात्र ऊन समोरून येते आणि दगड तापतात. म्हणून उजाडताच निघावे. उतरताना दोघांमध्ये अंतर ठेवावे, आणि वरच्याच्या पायाखालून दगड सुटला तर त्याने ओरडून सांगावे. खाली उतरल्यावर घाटमाथ्याचा गारवा संपतो आणि कोकणचा उकाडा सुरू होतो; माथ्यावर जे पाणी संध्याकाळपर्यंत पुरले असते ते इथे दुपारलाच संपते. पायथ्याच्या वाडीत मार्गशीर्षात पाणी मिळते, तिथे विचारून भरून घ्यावे आणि रायगडाकडे वळावे. गडाच्या चौदाशेहून अधिक पायऱ्या त्याच दिवशी चढायचा हट्ट करू नये. मुक्काम पायथ्याला करून सकाळी वर जावे. गुडघ्यांनी अगदीच संप पुकारला तर १९९६ पासून रोपवे आहे, आणि त्यात बसल्याबद्दल आमच्या मंडळीत कुणी कुणाला हसत नाही. वर गंगासागराचे विस्तीर्ण पाणी दिसते, तेव्हा मागच्या तीन दिवसांचा लिटर-लिटरचा हिशेब आठवतो. आमचे बँकेतले मित्र काठावर बसून मोठ्या शिस्तीने आपली राखीव बाटली उघडतात, आणि शिल्लक किती राहिली ते वहीत लिहून ठेवतात. घरी गेल्यावर सौ.ला दाखवायचे असते.